मदत हवी आहे: मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवायचंय (कोल्हापूर)

राजारामपुरी_आई: कोल्हापुरात होमस्कूलिंग करणारं कुणी आहे का इथं? फायदे-तोटे सरळ सांगा. सोमवारी दाखला मागायला जायचंय. कायद्याचं झंगट मागं लागतं का आणि पुढं दहावीला बसता येतं का, एवढंच हवंय. जरा लवकर.

पेठेतला: वय किती? इयत्ता कुठली? घरात दिवसभर कोण असतंय? ह्यातलं काहीच लिहिलं नाहीसा, ताई.

राजारामपुरी_आई: चौथीत आहे. मी घरीच असते, शिलाईकाम करते. आता सांगा.

कळंबेकर: आमची मुलगी सहावीच्या वयाची, घरीच शिकते. दहावीचं टेन्शन घेऊ नका. राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, नाहीतर एनआयओएस म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्यांच्या दहावीला 14 वर्षं पूर्ण लागतात. मूळ दाखला मात्र जपून ठेवा, 17 नंबरला लागतो. फायदा म्हणाल तर वेळ. अपूर्णांक तिनं दुधाच्या मापावर शिकले, पाव-अर्धा-पाऊण ओतून बघत. घाई कुणालाच नव्हती. तोटा म्हणजे सोबत. दुपारभर गल्लीत एक पोर नसतं. रिक्षातून मैत्रिणी येईपर्यंत ही गॅलरीत उभी. आणि आईला सुट्टी नाही, हे शिलाई करणाऱ्या बाईनं आधी धरून चालावं.

निवृत्त_शिक्षक: कायद्याचं मी सांगतो. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून. 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं त्यात लिहिलंय. पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, पण घरच्या शिक्षणाला वेगळी मान्यताही नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात येतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा. आणि ताई, शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला तो याच गावातून. पोर शाळेत न धाडणाऱ्याला महिना 1 रुपया दंड होता.

कळंबेकर: सर, तेव्हा पोरं गुरांमागं राबत होती. आमची रोज पुस्तक घेऊन बसते. दोन्ही एका मापात मोजू नका.

निवृत्त_शिक्षक: सगळ्या जातीची पोरं एका बाकावर बसतात, ते घरात कुठून आणणार?

पेठेतला: तालमीत बसत्यात की एकत्र. पोराला तालमीत घाला, अंगात बळ आलं की अभ्यास आपोआप हुतोय.

उचगाव_पप्पा: चौथीनंतर सीबीएसईत टाका. आम्ही तेच केलं. पाचवीत बदल सोपा जातो.

शाहूपुरी_मावशी: बोर्ड कुणी विचारलंय इथं? ताई, मुळात काढायचंय का, ते सांगा.

राजारामपुरी_आई: फळ्यावरचं त्याचं उतरून पुरं होत नाही. अर्धी वही कोरी, खाली लाल शेरा. वर्गात सगळ्यांसमोर ‘आळशी’ म्हणतात त्याला. आळशी नाही हो तो! काल परिसर अभ्यासाचा धडा मी वाचून दाखवला, तोंडी सगळी उत्तरं बरोबर. लिहायला बसवलं तर ‘प्रकाश’चं ‘पकाश’, ‘ब’च्या जागी ‘व’. सकाळी पोट दुखतंय म्हणून रडतो.

शाहूपुरी_मावशी: हे पहिल्यांदा लिहायचं होतं! अध्ययन अक्षमतेची, म्हणजे पोर हुशार असूनही वाचा-लिहायला अडतंय त्याची, तपासणी करून घ्या. माझ्या भाच्याचं असंच होतं. दिव्यांग हक्क कायद्यात, 2016 च्या, हे धरलंय. प्रमाणपत्र मिळालं की दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दाखला काढलात तरी ‘पकाश’ घरी यायचाच.

कळंबेकर: तपासणी कराच. पण तोवर त्याच वर्गात रोज बसवायचं? मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या.

निवृत्त_शिक्षक: यात मी कळंबेकरांच्या बाजूचा. पोराला सगळ्यांसमोर आळशी म्हणणं चूकच.

राजारामपुरी_आई: बरं, सोमवारी अर्ज घेऊन मुख्याध्यापकांकडे जाते, दाखल्याचं नंतर. तपासणी कुठं करायची?

शाहूपुरी_मावशी: आधी डोळे आणि कान तपासा, दोष तिथंही निघू शकतो. मग बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्या. त्याच्या वह्या बरोबर न्या, त्या अर्ध्या कोऱ्यासुद्धा.