मदत हवी आहे: मॉरिशसच्या आतल्या गावांत मुक्काम

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या सुमारास आईबाबांना घेऊन मॉरिशसला जातोय. किनाऱ्यावरचं रिसॉर्ट अजिबात नको. शामारेल, बुआ शेरी, गंगा तलाव या डोंगराळ पट्ट्यात निवांत राहायचंय. आईला सकाळी उसाच्या शेतांतून फिरायचंय, बाबांना व्हॅनिला घातलेला तिथला चहा मळ्यातच बसून प्यायचाय.

शामारेलला एखाद्या घरी मुक्काम आणि शाकाहारी जेवण मिळेल का? बाबांचे गुडघे दुखतात. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानात फारसा चढ नसलेली वाट कुठली? गाडी तिथेही डावीकडूनच चालवतात, पण पाऊस-धुक्यात घाट कितपत जमतो? वर गारठा असतो म्हणे, स्वेटर पुरेल ना?

आणि कास्काव्हेलच्या मराठी मंडळींचा गणपती बघायला मिळाला तर आई फार सुखावेल. कुणाची ओळख असल्यास कृपया कळवा.