एव्ही (ऑडिओ-व्हिडिओ) कोटेशनमधले शब्द कळत नाहीयेत, कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

खरेदी_विभाग
नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेत एक मीटिंग रूम आणि एक मोठा हॉल नव्याने करायचाय, फाइल माझ्याकडे आलीये. तीन कोटेशनं आलीत आणि तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलंय, एकाचं एचडीबेसटी, दुसऱ्याचं एव्ही ओव्हर आयपी, तिसऱ्याची नुसती लांब एचडीएमआय केबल. शिवाय डीएसपी, एईसी, ईडीआयडी, थ्रो रेशो, बीवायओएम असं काय काय. विचारलं की "मॅडम ते लागतंच" एवढंच उत्तर मिळतं. मला इंजिनियर व्हायचं नाहीये पण ज्या कागदावर मी सही करणार त्यातली ओळन् ओळ मला कळायला हवी. अजून एक, आत्ताच्या जुन्या रूममधून ऑनलाइन मीटिंग घेतली की पलीकडचे लोक सारखे म्हणतात आमचाच आवाज आम्हाला परत ऐकू येतोय. ते कशाने जाईल?

वायर_आणि_पडदा
ताई, शब्द पाठ करू नका, कागदावर सिग्नलचा रस्ता काढा. डावीकडे लॅपटॉप, कॅमेरा, माइक, उजवीकडे स्क्रीन आणि स्पीकर, आणि मधे जे काही येतं ते कोटेशनमधली एकेक ओळ. जी ओळ या चित्रात कुठे बसते ते विक्रेत्याला दाखवता येत नाही ती खोडायला सांगा.

तुमच्या तीन कोटेशनांत खरं तर एकाच प्रश्नाची तीन उत्तरं आहेत, की चित्र लांब न्यायचं कसं. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलवर ४के ६० हर्ट्झ (म्हणजे खूप बारकाव्याचं, सेकंदाला ६० वेळा बदलणारं) चित्र सात-आठ मीटरच्या पुढे भरवशाचं राहत नाही. त्याहून लांबीची लिहिली असेल तर ती ऑप्टिकल, म्हणजे तांब्याऐवजी प्रकाशाने सिग्नल नेणारी, आहे का विचारा, आणि तिला दिशा असते बरं का, एक टोक लॅपटॉपकडचं, एक स्क्रीनकडचं, पाइपातून उलटी ओढली की सगळं परत उपसा. एचडीबेसटी म्हणजे दोन टोकांना दोन डबे आणि मधे नेटवर्कचीच कॅट ६ केबल, १०० मीटरपर्यंत जातं. पण केबल आणि कनेक्टर तेच दिसतात म्हणून लोक ती मधल्या नेटवर्क स्विचमध्ये (अनेक नेटवर्क केबल एकत्र जोडणाऱ्या डब्यात) खोचतात आणि तिथेच फसतात, कारण एचडीबेसटी स्विचमधून जात नाही, थेट डब्यापासून डब्यापर्यंतच. स्विचमधून जातं ते एव्ही ओव्हर आयपी, म्हणजे चित्र-आवाज कॉम्प्युटर नेटवर्कवरूनच पाठवणं. त्यात स्क्रीन वाढवणं सोपं, पण स्विच त्या कामाचा लागतो, त्यामुळे आयटीवाल्यांना आधीच बसवून घ्या. एका खोलीत एकच स्क्रीन असेल तर माझ्या मते त्याची काही गरज नाही.

आवाजवाला
आवाजाचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. एईसी म्हणजे अकूस्टिक एको कॅन्सलेशन, पण याने खोलीतला घुमणारा आवाज जात नाही!! पलीकडच्या माणसाचा आवाज तुमच्या स्पीकरमधून येतो, तुमच्या माइकमध्ये शिरतो आणि परत त्याच्याकडे जातो, हा फेरा तोडायचं काम एईसीचं. म्हणून लक्षात ठेवा, स्वतःचा आवाज ज्याला परत ऐकू येतो त्याची खोली ठीक असते, बिघाड समोरच्या खोलीत असतो. म्हणजे तुमच्याच.

डीएसपी हा आवाजावर प्रक्रिया करणारा डबा, एईसी बहुतेक त्यातच असतं. त्याला रेफरन्स द्यावा लागतो, म्हणजे पलीकडून नेमका काय आवाज आला ते दाखवावं लागतं, तेवढाच तो माइकमधून वजा करतो. हॉलमध्ये जिथे माइकवरचं बोलणं हॉलच्याच स्पीकरवर वाजतं तिथे रेफरन्समध्ये फक्त लांबच्या लोकांचा आवाज जायला हवा. हॉलचा माइकही त्यात घातला की बोलणाऱ्याचाच आवाज खाल्ला जातो, शब्द तुटतात आणि मग सगळे माइकला शिव्या देतात. एईसी दोन ठिकाणी चालू ठेवलं, डीएसपीत पण आणि मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये पण, तरी असाच गोंधळ होतो.

खोली घुमण्याचं माप वेगळं, आरटी६०, म्हणजे आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ. ते पडदे, गालिचा, ध्वनिशोषक पॅनल यांनीच कमी होतं. काचेच्या भिंतींच्या खोलीत कितीही महाग माइक लावा, घुमणं कमी नाही व्हायचं.

वायर_आणि_पडदा
उरलेले पटकन. ईडीआयडी म्हणजे मी किती रिझोल्यूशन दाखवू शकतो हे स्क्रीन लॅपटॉपला सांगतो ती माहिती. एक स्क्रीन ४के आणि प्रोजेक्टर १०८०पी (४के पेक्षा कमी बारकाव्याचा) असेल तर दोघांना जमेल ते कोण ठरवणार हे विचारा. थ्रो रेशो म्हणजे प्रोजेक्टरचं अंतर भागिले चित्राची रुंदी, ३ मीटरवरून २ मीटर रुंद चित्र हवं तर १.५. बीवायओएम म्हणजे मीटिंग पाहुण्याच्या लॅपटॉपवर चालते पण कॅमेरा-माइक खोलीतलाच, यूएसबीने. साधी यूएसबी २ केबल ५ मीटरपर्यंतच, टेबल लांब असेल तर एक्स्टेंडर (सिग्नल लांब नेणारा डबा) लिहिलाय का बघा.

खरेदी_विभाग
मनापासून आभार दोघांचे. रस्ता काढून बघितला. हॉलमध्ये स्टेजपासून प्रोजेक्टर २५ मीटर आहे आणि तिसऱ्याच्या केबलपुढे ऑप्टिकल असं कुठेच नाहीये. आणि एईसी दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये फक्त मीटिंग रूमसाठी आहे, हॉलसाठी नाहीच, आणि आमची ऑनलाइन व्याख्यानं तर हॉलमध्येच होतात. दोघांनाही आजच लेखी विचारते.

आवाजवाला
विचाराच, आणि काम पूर्ण झालं की पैसे देण्याआधी बाहेरून कोणालातरी हॉलशी कॉल लावायला सांगा. त्याने दहा मिनिटं बोलायचं, तुम्हीपण मधेमधे बोलायचं, दोन्हीकडचे एकदम बोलले तरी शब्द कळायला हवेत.