४० एकरांच्या सलग पट्ट्यात पाचट जाळणं बंद करायचंय, क्रम कसा लावावा?

भोगावतीकाठ:
राम राम मंडळी. करवीर तालुक्यात आमच्या पाणीपुरवठा संस्थेखाली ४० एकरांचा सलग पट्टा आहे, २६ खातेदार. सगळा ऊस, बहुतेक ८६०३२ जातीचा. या हंगामात ऊस तुटलेल्या रानात कुणीच पाचट (तोडीनंतर राहणारा उसाचा वाळका पाला) पेटवायचं नाही असं बैठकीत ठरलंय. ठरलं खरं, पण पट्ट्याबाहेरच्या रानातून जाळ आला तर पसरलेलं पाचट, ठिबकच्या नळ्या आणि खोडव्याचे (तुटलेल्या उसाच्या खोडातून पुन्हा येणाऱ्या पिकाचे) फुटवे सगळंच जाणार, ही पहिली भीती. पाचटाचे तुकडे करणारं कुट्टी मशीन भाड्याचं, त्यामुळे आधी कुणाचं यावरून आत्ताच कुरबुर आहे. पाण्याची पाळी तासावर चालते आणि पाचटाच्या सरीत पाणी पुढं सरकत नाही. जुनी मंडळी म्हणतात हुमणी (मुळं खाणारी अळी) वाढेल. शिवाय खालच्या अंगाची सात-आठ एकरं दर मोठ्या पुरात बुडतात. जाणकारांनी नेमकं सांगावं. पाचटाचे फायदे सगळ्यांना तोंडपाठ आहेत, ते नकोत.

खोडवा_निडवा:
फायदे सांगत नाही, पण एक हिशोब बैठकीत मांडाच. एकरी सव्वातीन ते चार टन पाचट निघतं. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे जवळपास एका युरियाच्या पोत्याएवढं. मात्र ते पहिले काही महिने पिकाला मिळत नाही. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, त्यामुळे कुजवणारे जीवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. पहिल्या वर्षी अर्धे लोक इथंच बिथरतात आणि पुढच्या वर्षी काडी लावतात. म्हणून एकरी ३२ किलो युरिया आणि ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर टाकायचंच, ते पिकाच्या हप्त्यातून वजा करायचं नाही. दोन्ही खतं मिसळून ठेवू नका, ओल सुटून चिखल होतो. रानातच मिसळा आणि लगेच फेका. पाचट कुजवणारं जीवाणू खत एकरी ४ किलो, ओलसर शेणखतात मिसळून वेगळं टाका. रासायनिक खतात कालवलं तर जीवाणू मरतात.

त्याआधी बुडखे, म्हणजे तोडीनंतर रानात राहिलेले उसाचे बुंधे. ऊसतोड टोळी गेल्यावर बुडख्यावरचं पाचट सरीत ओढा आणि धारदार कोयत्यानं बुडखे जमिनीलगत छाटा. वर राहिलेल्या कांडीवरून आलेला फुटवा मुळं नीट धरत नाही, पुढं लोळतो. छाटल्यावर लगेच कार्बेन्डाझिम १० लिटर पाण्याला १० ग्रॅम, फक्त कापलेल्या तोंडावर. खोडव्याच्या बगला (वरंब्याच्या बाजू) नांगरानं फोडू नका.

पिकाच्या हप्त्याचं खत मात्र पहारीनं द्या. पाचट पसरल्यावर वरून फेकलेलं खत पाचटावरच अडकतं. बुडख्यापासून १० ते १५ सेंमीवर, १५ ते २० सेंमी खोल भोक आणि दोन भोकांत ३० सेंमी अंतर. पहिला हप्ता तोडीनंतर १५ दिवसांत एका बाजूनं, दुसरा १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूनं. आणि १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या रानात खोडवा ठेवायचा का, हे आधीच ठरवा. उशिराच्या खोडव्याला वाढीचा काळच कमी पडतो, मग दोष पाचटावर जातो.

सरी_आड_सरी:
वरच्या साहेबांशी सहमत, फक्त एक. कुट्टी मशीन पाहिजेच असं काही नाही. माणसांनी पाचट सरीत नीट दाबून बसवलं आणि ओल राहिली तर अख्खं पाचटही कुजतं, थोडं उशिरा. एक-एक एकरवाल्यांनी मशीनच्या पाळीसाठी पंधरा दिवस रान कोरडं ठेवण्यापेक्षा हे बरं. त्या पंधरा दिवसांतच आग लागते.

पाण्याचं: काळ्या, सपाट रानात सगळ्या सऱ्या भरू नका. एक सरी पाचटाची, एक मोकळी. पहिलं पाणी पाचटाच्या सरीतून द्या, म्हणजे ते बसेल आणि कुजायला लागेल. पुढचं पाणी मोकळ्या सरीतून. त्या पहिल्या पाण्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागणारच, पाचटाचा बोळा मधेच तुंबतो. फावडं घेऊन एक माणूस सरीबरोबर चालला पाहिजे. संस्थेनं ठराव करून पहिली पाळी वाढीव तासांची द्यावी आणि तो वेळ पुढच्या पाळ्यांतून वळता करावा. झाकलेल्या रानात उन्हाळ्यात ओल टिकते, पाळी लांबवता येते. हे आधी लिहून ठेवलं नाही तर मार्चमध्ये पाटकऱ्याशी भांडण ठरलेलं.

भोगावतीकाठ:
कुट्टी काही जणांना हवीच आहे. मग मशीनचा क्रम कसा धरायचा?

यंत्रवाला_कागल:
मालकाच्या नंबरानं नाही, तोडीच्या क्रमानं. अडचण अशी की कारखाना लागणीच्या नोंदीप्रमाणं तोड देतो, त्यामुळे पट्ट्यात इथं एक एकर मोकळं, तिथं दोन एकर उभं, असं होतं. कारखान्याच्या गट कार्यालयात २६ जणांच्या सहीचा एक अर्ज द्या आणि जवळजवळच्या तारखांची रानं एका टोकानं तोडायला सांगा. पूर्ण नाही जुळणार, पण आठ-दहा एकरांचे गठ्ठे पडले तरी मशीन एका खेपेत काम उरकतं. टोळीला बुडख्यातनं खाली तोडायला बजावा. उंच राहिलेले बुडखे कुट्टीची पाती मोडतात.

मशीन सकाळी दव असताना घालू नका. ओलं पाचट रोटरला गुंडाळतं आणि मग तासभर कापत बसावं लागतं. ऊन चढल्यावर सुरू करा. ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळून बांधावर, नाहीतर पाचटाबरोबर त्यांचीही कुट्टी. सरी चार फुटांपेक्षा अरुंद असेल तर मोठा ट्रॅक्टर बुडख्यावर चढतो, तिथं लहान ट्रॅक्टरच बघा. भाडं तासावर ठरवू नका, एकरावर ठरवा. लोळलेल्या उसाचं रान वेळ खातं आणि भांडण शेवटी हिशोबावर येतं. पैसे पाणीपट्टीबरोबर संस्थेनंच गोळा करावेत.

बांधावरचा:
आगीचं मी सांगतो, कारण सगळा बेत यावरच टिकतो. ठिणगी बहुतेक वेळा पाचट जाळण्यातून नाही, बांधाचं गवत पेटवण्यातून येते. त्यामुळे ठराव "पाचट" एवढाच नको, "पट्ट्यात आणि पट्ट्याच्या बांधावर काहीही पेटवायचं नाही" असा करा. बाहेरच्या शेजाऱ्यांना आधी भेटा. ते पेटवणारच असतील तर दिवस आणि वेळ कळवू देत, संध्याकाळी वारा पडल्यावर पेटवू देत आणि तेव्हा तुमची दोन माणसं तिथं उभी असू देत.

पट्ट्याच्या बाहेरच्या कडेनं १० फुटांची पट्टी पूर्ण साफ करा. तिथलं पाचट आतल्या सरीत ओढा आणि जमलं तर पट्टी नांगरून मोकळी माती वर आणा. विजेच्या तारा झोळ देऊन लोंबतात तिथंही खाली असंच. महावितरणला तारा ओढायचा अर्ज तोडीआधीच द्या. पाण्यावर विसंबू नका. शेतीची थ्री फेज वीज रात्रपाळीला असेल त्या आठवड्यात दुपारी मोटर चालतच नाही. ट्रॅक्टरवर भरलेला फवारणीचा ब्लोअर किंवा ट्रॉलीत २०० लिटरची तीन-चार बॅरल, पाणंदीच्या तोंडाशी, तोड सुरू झाल्यापासून पहिलं पाणी फिरेपर्यंत. रान एकदा भिजलं की धोका निम्म्याहून कमी होतो. म्हणून सरी_आड_सरी म्हणतात ते खरं, पाचट कोरडं पडून राहण्याचे दिवस कमी करा.

माती_परीक्षण:
हुमणीबद्दल. अळी जमिनीत मुळांवर असते, वर पाचट जाळलं म्हणून ती मरत नाही. भुंगेरे वळवाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जमतात. त्या आठवड्यात रोज अंधार पडल्यावर झाडं हलवायची, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. एकट्यानं केलं तर शून्य उपयोग, शेजारच्या बाभळीवरून तुमच्या रानात अंडी पडतात. तुमचे २६ जण एकत्र आहेतच, त्याच यादीवर झाडं वाटून द्या. अर्धवट कुजलेलं शेणखत मात्र टाकू नका, हुमणीला ते हवंच असतं.

खालची पूरपट्ट्यातली एकरं वेगळी धरा. तिथं कुट्टी करून, माती आड करून मे अखेरपर्यंत पाचट बसलंच पाहिजे. सुटं पाचट पुराबरोबर उठतं आणि बंधाऱ्याच्या खांबांना, पुलाच्या कमानींना अडकतं. २०१९ आणि २०२१ चे पूर बघता कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याशी पाण्यानं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडणं ही काही दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. मार्चमध्ये तुटणारं खालचं रान असेल तर तिथलं पाचट वरच्या रानात हलवा किंवा खड्ड्यात कंपोस्ट करा.

आणि एक आगाऊ सल्ला. पट्ट्याची बातमी फुटली की कार्बन क्रेडिटवाले (मातीत कर्ब साठवल्याबद्दल, धूर टाळल्याबद्दल पैसे देऊ म्हणणारे) येतील. कुजताना पाचटातला बराचसा कर्ब हवेतच जातो, थोडाच मातीत टिकतो. जाळ टळल्यानं धूर, काजळी आणि मिथेन वाचतं, हा फायदा खरा आहे, पण एकरी रक्कम फुगवून सांगणाऱ्याला संस्थेची सही देऊ नका. आत्ताच सहा-सात ठिकाणचा मातीनमुना काढून सेंद्रिय कर्ब तपासून ठेवा, गट नंबर आणि खोली लिहून. तीन वर्षांनी त्याच जागी, त्याच खोलीवर पुन्हा काढा.

भोगावतीकाठ:
आभारी आहे सगळ्यांचा. बांधाचं कलम आणि पहिल्या पाळीचे वाढीव तास दोन्ही ठरावात घालतो. गट कार्यालयाच्या अर्जाचा मसुदा कुणाकडे असेल तर इथंच टाका.