फिनाईल, डासांची कॉइल आणि तान्ह्या बाळाचा दमा

प्रश्न : आमची मुलगी चार महिन्यांची आहे. सासूबाई रोज फिनाईलने फरशी पुसतात आणि तिन्हीसांजेला दारे-खिडक्या लावून डासांची कॉइल पेटवतात. यामुळे मुलीला पुढे ॲलर्जी होण्याचा धोका आहे का?

उत्तर १ : ताई, कॅनडातील एका दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. तीन-चार महिन्यांच्या वयात ज्या बाळांच्या घरी स्वच्छतेची रसायने जास्त वापरली जात, त्यांच्यात तिसऱ्या वर्षी दमा आणि वारंवार छातीत घरघर होण्याचे प्रमाण अधिक आढळले; मात्र त्वचेवरील ॲलर्जी चाचणीत तसा ठोस संबंध दिसला नाही. म्हणजे रसायने श्वासमार्गाच्या अस्तराला चिडवत असावीत, असा तर्क करता येतो. कार्यकारणभाव यातून सिद्ध होत नाही, हेही सांगायला हवे. सुगंधी आणि फवाऱ्याची उत्पादने तिथे विशेष संशयित ठरली.

उत्तर २ : माझ्या मते फिनाईलपेक्षा कॉइलची काळजी आधी करावी. एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके असू शकतात, असे 2003 मधील मोजमाप आहे, आणि तुमच्याकडे तर खिडक्याही बंद असतात. मच्छरदाणी लावली की सासूबाईंचीही तक्रार उरणार नाही.

उत्तर ३ : ब्लीच आणि संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. रांगते मूल फरशीवरचा हात तोंडात घालते, म्हणून फिनाईलनंतर साध्या पाण्याने पुन्हा पुसून घ्या.