मदत हवी आहे: एनएफएसवर सेव्ह केलेल्या टिफ फाइल्स अर्धवट निघून राहिल्या

महाल_४४००३२: जुन्या मासिकांचं स्कॅनिंग करून राहिलो, पानं इतकी ठिसूळ की दुसऱ्यांदा काचेवर ठेवायची भीती वाटते. काल बारा टिफ उघडल्या तर वरचं अर्धं पान बरोबर, खाली नुसता करडा पट्टा. फाइल्स एनएफएसनं (सर्व्हरची डिस्क नेटवर्कवरून आपल्या पीसीला जोडायची, म्हणजे माउंट करायची पद्धत) सर्व्हरवर जातात, त्याची डिस्क ठीक आहे. माउंट ऑप्शनमध्ये काय बदलू? लवकर सांगा, सोमवारी मासिकांची पेटी परत द्यायची आहे.

कर्नलकाका: एफएसटॅबची (माउंटची सेटिंग असते त्या फाइलची) ओळ टाक ना बाप्पा. तेच लिहिलं नाहीस.

महाल_४४००३२: नेहमीचेच आहेत.

कर्नलकाका: नेहमीचे म्हणजे काय? हार्ड का सॉफ्ट? टाइमओ (उत्तराची वाट पाहायची वेळ) किती?

विंडोजवाला_धंतोली: एनएफएस सोडा, सांबा (विंडोजच्या पद्धतीचं फाइल शेअरिंग) लावा. आमच्या ऑफिसात सहा वर्षं झाली, एक फाइल गेली नाही.

महाल_४४००३२: आरडब्ल्यू, सॉफ्ट, टाइमओ=३०, रिट्रान्स=२. सर्व्हर बंद असला की डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) अटकून बसायचं म्हणून सॉफ्ट केलं, ३० सेकंद पुरे होतील वाटलं.

कर्नलकाका: इथंच घोळ आहे. टाइमओ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, ३० म्हणजे फक्त ३ सेकंद. टीसीपीवर डिफॉल्टच ६०० असते, म्हणजे ६० सेकंद. सॉफ्टमध्ये दोनदा परत विचारून उत्तर आलं नाही की क्लायंट एरर देऊन मोकळा होते, आणि सॉफ्टवेअरनं ती एरर पाहिलीच नाही तर अर्धी फाइल तशीच राहते. हार्ड उत्तर येईपर्यंत विचारतच राहते, म्हणून जिथं लिहायचं आहे तिथं हार्डच.

सीताबर्डी_लिनक्स: हार्डसोबत इंटर (अटकलेलं काम मधातच थांबवू देणारं ऑप्शन) पण टाक, नाहीतर मशीन अटकली की सुटत नाही.

कर्नलकाका: इंटर लिनक्सच्या २.६.२५ कर्नलपासून नुसतं नावाला आहे. अटकलेली प्रोसेस किल -९ (जबरदस्तीनं बंद करायची कमांड) नं मरते.

सीताबर्डी_लिनक्स: मी अजून लावतो, काही बिघडलं नाही.

कर्नलकाका: बिघडणार नाहीच, पण उपयोगही नाही. महालवाले, नेटवर्क मधातच जाते काहून ते सांगा.

महाल_४४००३२: दुपारी लाइट जाते. पण सर्व्हर अन् पीसी दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत.

कर्नलकाका: आणि नेटवर्कचा स्विच?

जुना_कागद: मधात बोलतो, माफ करा. त्या खोलीत कूलर चालतो का? दमट हवेनं कागद फुगते, काचेवर सपाट बसत नाही. मे महिन्यात कूलरशिवाय त्रास होते माहीत आहे, पण पेटी दुसऱ्या खोलीत ठेवा.

महाल_४४००३२: स्विच भिंतीच्या साध्या प्लगवर होता!! टेबल हलवलं तेव्हा तिकडे लावला अन् विसरलो. कूलर आहे, पेटी आजच हलवतो.

कर्नलकाका: स्विच इन्व्हर्टरवर घे. टाइमओ काढून टाक, हार्ड कर, बूट अटकू नये म्हणून नोफेल अन् अंडरस्कोर-नेटडेव्ह. नुसतं रिमाउंट करू नको, अनमाउंट करून परत माउंट कर, मग हार्ड लागलं का ते एनएफएसस्टॅट -एम मध्ये पाहा. सर्व्हरच्या एक्सपोर्ट्समध्ये (काय शेअर करायचं त्या फाइलमध्ये) असिंक, म्हणजे डिस्कवर लिहिण्याआधीच 'झालं' सांगणं, असेल तर तेही सिंक कर, नाहीतर सर्व्हरच बंद पडला तर हार्डही वाचवणार नाही.

महाल_४४००३२: केलं. असिंक होतं, तेही बदललं. मग एक कोरं पान स्कॅन करताना मुद्दाम स्विचची पिन दोन मिनिटं काढून ठेवली. सेव्हची खिडकी तशीच थांबली, पिन लावली अन् थोड्या वेळानं फाइल पूर्ण आली, खालच्या काठापर्यंत. काका, लई उपकार. बारापैकी एका पानाचा कोपरा काल उचलतानाच तुटला, ते तसंच जपून स्कॅन करतो. बाकी अकरा उद्या सकाळी, ऊन चढायच्या आधी.