केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा: ‘आज उडायचं नाही’ हे कुणी ठरवायचं?

जुहूकर (धागाकर्ता)

अपघात झाला की चार दिवस चर्चा होते आणि ‘पायलट चुकला’ म्हणून ती बंद पडते. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

१५ जून २०२५. पहाटे केदारनाथहून यात्रेकरूंना घेऊन निघालेलं बेल ४०७ हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळच्या जंगलात कोसळलं. सातही जण गेले, त्यात एक लहानगं मूल होतं. खोऱ्यात ढग उतरले होते. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये गरुडचट्टीजवळ हेच झालं: तेच बेल ४०७, तसेच ढग, सात मृत्यू. दोन्ही वेळा एक इंजिन, एकटा पायलट, आणि नियम असा की बाहेरचं डोळ्यांना दिसतंय तोवरच उडायचं.

खालच्या फाटा किंवा सिरसी गावच्या हेलिपॅडवरून वर जायला आठ-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात दीड हजार मीटरहून जास्त चढायचं. केदारनाथ ३,५८३ मीटरवर. हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद कमी आणि पात्यांना उचलही कमी. म्हणून तर प्रवाशांना आधी वजनकाट्यावर उभं करतात. अशा जागी पायलटला वाटलं की आत्ता नको, तर तो काय करणार? खाली रांग लागलेली, मॅनेजरचा फोन येतोय, आणि शेजारच्या हेलिपॅडवरून दुसऱ्या कंपनीचं मशीन उडताना समोर दिसतंय. ‘नाही’ म्हणणारा तिथे एकटा पडतो.

माझं मत स्पष्ट आहे. खोरं बंद करायचा अधिकार तिकिटाच्या पैशाशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाच्या हाती हवा. वळणावळणावर कॅमेरे आणि हवामानाची यंत्रं लावा. बंद म्हटलं की सगळ्या कंपन्यांचं बंद. जूनच्या अपघातानंतर दोन दिवस सेवा थांबवली, नियंत्रण कक्षाची घोषणाही झाली. त्या कक्षाच्या हाती ही सत्ता असेल तरच त्याला अर्थ आहे.

चीतावाला

जुहूकर, तळमळ कळते, पण उपाय पटला नाही. मी लष्करातून निवृत्त झालोय, चीता हेलिकॉप्टर उंचावर उडवलंय.

डोंगरातला ढग कुठून तरी येतो असं नाही, तो तिथेच तयार होतो. मोकळं दिसणारं वळण दोन मिनिटांत पांढरं होतं. खोलीत बसलेल्या माणसाला कॅमेऱ्यात जे दिसतं ते कॅमेऱ्यासमोरचं. पुढच्या खांदाडापलीकडे काय आहे ते फक्त मशीनमधल्या माणसाला दिसतं. त्यात उद्या कक्षाने ‘खोरं उघडं’ सांगितलं आणि पायलट नको म्हणाला, तर मॅनेजर विचारणार, ‘सरकार उघडं म्हणतंय, तुम्हालाच काय झालं?’ म्हणजे तुम्ही त्याचा नकार आणखी महाग केलात.

दोन इंजिनं, दोन पायलट असते तर वाचले असते, असंही सारखं ऐकतो. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरला पडलेलं एमआय-१७ व्ही-५ दोन इंजिनांचं होतं, चालवणारे अनुभवी होते. चौकशीत यंत्राचा दोष निघाला नाही. हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि दिशाभान गेलं. ढगात शिरल्यावर तोल सांभाळणारा आतला कान सांगतो तुम्ही सरळ आहात, आणि मशीन कललेलं असतं. अनुभवी माणसालाही कानाविरुद्ध जाऊन यंत्रावर विश्वास ठेवणं फार जड जातं. शिवाय लहान दुइंजिनी मशीनपैकी अनेकांना एक इंजिन गेल्यावर त्या उंचीवर टिकताच येत नाही.

उपाय प्रशिक्षणात आहे. अरुंद खोऱ्यात मागे वळायला जागा लागते, त्यामुळे वळायचा निर्णय ढग गाठायच्या बराच आधी घ्यावा लागतो. हा हात त्या खोऱ्यात, जाणत्या माणसाशेजारी बसूनच तयार होतो. हंगामापुरता आणलेला नवा पायलट एकटा सोडता कामा नये. कप्तानाचा अधिकार मात्र कप्तानाकडेच राहू द्या.

अनुजा_डोंबिवली

तुम्ही दोघं उडणाऱ्यांच्या बाजूने बोलताय. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत. गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरची चढण तिला या जन्मात शक्य नाही. डोली, खेचर हे पर्याय सुचवणाऱ्यांनी पावसात त्या वाटेवर खेचराचे पाय कसे घसरतात ते एकदा बघावं.

दुपारी खोरं बंद झालं की सकाळी वर गेलेली म्हातारी माणसं तिथेच अडकतात. बरोबर औषधं नाहीत, पुरेसे गरम कपडे नाहीत, विरळ हवेत दम लागतोय. तोही जिवाचाच प्रश्न आहे. सोनप्रयाग ते केदारनाथ रोपवेला मार्च २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, १२.९ किलोमीटर, ४,०८१ कोटी. तो होईपर्यंत आम्ही काय करायचं? बंद करायची सत्ता द्या, पण अडकलेल्यांच्या मुक्कामाची जबाबदारीही त्याच माणसावर टाका.

स्पॅनर

मी एएमई आहे, म्हणजे हेलिकॉप्टरच्या देखभालीवर सही करणारा. वर कुणीच मशीनबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो.

हंगामी तळावर बऱ्याचदा हँगर नसतो. उजाडायच्या आत, बोटं बधिर करणाऱ्या थंडीत, डोक्याला टॉर्च बांधून तपासणी करायची. पात्यांच्या पुढच्या कडेवरून हात फिरवायचा, कारण हेलिपॅडची उडालेली रेती ती कड खाते. मग गिअरबॉक्सचा चिप डिटेक्टर काढायचा. हा तेलात बसवलेला छोटा चुंबक. त्यावर धातूचा कण आला की आत काहीतरी झिजतंय. नुसता काळसर गाळ असेल तर पुसून पुढे जाता येतं. चकचकीत पापुद्रा असेल तर तो कुठल्या भागाचा हे कळेपर्यंत मशीन जागचं हलवायचं नाही.

याची किंमत सांगतो. २५ मार्च २००९ ला स्कॉटलंडमध्ये एका सुपर प्युमा हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये असा कण सापडला. देखभाल करणारे आणि उत्पादक यांच्यात फोन-ईमेल झाले, पण त्यात गैरसमज राहिला आणि गिअरबॉक्स उघडला गेला नाही. १ एप्रिलला तो हवेत तुटला. सोळा माणसं गेली.

शटलमध्ये, म्हणजे अशा सततच्या छोट्या फेऱ्यांमध्ये, आणखी एक गोष्ट. काही भागांचं आयुष्य तासांवर नाही, उड्डाणांच्या संख्येवर मोजतात. दर काही मिनिटांनी चढ-उतार करणारं मशीन तासांत तरुण दिसतं आणि आतून थकलेलं असतं. ती नोंदवही प्रामाणिक हवी.

आता धाग्याच्या विषयावर. मी सही केली नाही तर मशीन उडत नाही. माझ्याशी वाद घालतात, दबाव आणतात, पण कागद माझ्या बाजूने असतो. पायलटच्या ‘आज हवा वाईट आहे’ला असा कागद नाही. तो द्या, म्हणजे नकाराची लेखी नोंद, आणि ती थेट विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे जाणारी.

रिगवरचा

मी मुंबई हायला, समुद्रातल्या तेलविहिरींवर, कामाला जातो. जुहूहून हेलिकॉप्टरमध्ये बसायच्या आधी आम्हाला पाण्याखालून बाहेर पडायचं प्रशिक्षण असतं. खोटी केबिन तलावात सोडतात, ती उलटी होते, नाकातोंडात पाणी जातं, तेव्हा एका हाताने खिडकीची चौकट धरून दुसऱ्याने पट्टा सोडवायचा. अंगात लाइफ जॅकेट, मशीनला पाण्यावर तरंगायला फुगे, दोन इंजिनं, दोन पायलट.

तरी जानेवारी २०१८ मध्ये डॉफिन हेलिकॉप्टर पडून सातही गेले. जून २०२२ मध्ये सागर किरण रिगजवळ एस-७६ डी समुद्रात उतरलं, नऊपैकी चार गेले. म्हणजे आमचंही सगळं आलबेल नाही. पण आमच्यामागे कंपनी आहे, युनियन आहे, जाब विचारणारं कुणीतरी आहे. यात्रेकरू आयुष्यात एकदा बसतो. त्याच्या वतीने कोण विचारणार? म्हणून मी जुहूकरांच्या बाजूने.

जुहूकर

चीतावाला, तुमचा मुद्दा बिनतोड आहे, म्हणून माझी मागणी नेमकी करतो. कक्षाने ‘उघडं’ कधी म्हणायचंच नाही. त्याला फक्त ‘बंद’ म्हणता यावं. बंद नसेल तेव्हा निर्णय पूर्णपणे पायलटचा, आणि त्याचा नकार स्पॅनर म्हणतात तसा थेट नियामकाकडे नोंदला जाईल. ८ मे २०२५ ला गंगनानीला रस्त्यावर उतरायच्या प्रयत्नात हेलिकॉप्टरचं पातं वरच्या केबलला लागलं, सहा गेले. अशा तारांचा नकाशा पायलटने एकट्याने कुठून मिळवायचा? हेही त्याच कक्षाचं काम.

अनुजाताई, मुक्कामाची सोय हवीच, शंभर टक्के मान्य.

चीतावाला

फक्त ‘बंद’ म्हणणारा कक्ष असेल तर माझा विरोध थोडा सौम्य होतो, संपत नाही. तुम्ही अजून पगाराला हात घातलेला नाही. या धंद्यात कित्येक ठिकाणी पायलटच्या कमाईचा मोठा भाग उडालेल्या तासांवर असतो. पोरांची फी, घराचा हप्ता त्यातूनच जातो. मेडिकलमध्ये, म्हणजे तब्येतीच्या तपासणीत, अडकला की तेही थांबतं. हंगाम काही महिन्यांचा. अशा माणसाला नकाराची वही देऊन काय होणार, प्रत्येक पानामागे त्याचे स्वतःचे पैसे जातात. हंगामभराचा ठरलेला पगार द्या, उडो न उडो. पर्यटन वाढवायला सरकारला पैसे सापडतात, तर परवाना देताना कंपन्यांवर ही एक अट घालायला काय हरकत आहे? ती अट आधी घाला, कॅमेऱ्यांचं मग बोलू.