टनाला 55 युरो, मग आपल्याकडे किती?

भोसरीकर: आमचे नट-बोल्ट जर्मनीला जातात. ते बनवताना किती कार्बन हवेत गेला, हे गिऱ्हाईक हल्ली किलोकिलोने विचारतंय. तिकडे 2025 मध्ये टनभर कार्बन डायऑक्साइडला 55 युरो आकार म्हणे. आपला दर काय धरू?

कोळसेवाला: 2016पासून कोळशावर टनाला 400 रुपये सेस होता. टनभर कोळशातून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे त्या वायूच्या टनाला पावणेतीनशे रुपयांच्या आतच! सप्टेंबर 2025 मध्ये तोही गेला. कोळशावरचा जीएसटी मात्र 5चा 18 टक्के झाला.

नारळीकाका: अहो, 55 युरो पेट्रोल-गॅसचा दर. पोलादाला युरोपचा परवानाबाजार लागतो, म्हणजे कारखाने कार्बन सोडायचे परवाने विकत घेतात; भाव रोज हलतो. जानेवारी 2026पासून आयातीवरही त्याच बाजारावरून ठरणारा आकार. इथे भरलेला कार्बनकर वजा मिळतो, जीएसटी नाही.

भोसरीकर: मेलो!

नारळीकाका: थांबा. गिऱ्हाईक सगळीकडून मिळून वर्षाला 50 टनांच्या आत असला माल आणत असेल तर या आयात-आकारातून माफी आहे. आधी ते विचारा.